चीनमधल्या जुन्या विद्यापीठांचे कॅम्पस: गेटच्या आत कसं जायचं?

गंगापूर_रोडकर

नमस्कार मंडळी,

मार्चच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन चीनला जायचं ठरतंय. एकूण दहा-अकरा दिवस. भिंत, राजवाडा हे सगळं होईलच, पण बाबा निवृत्त प्राध्यापक आहेत आणि त्यांचा हट्ट जुनी विद्यापीठं बघायचा. सध्याची यादी अशी: वुहान विद्यापीठ (चेरीचा बहर), बीजिंगमधली पेकिंग आणि त्सिंगहुआ, जमलं तर शियामेन. दिल्लीहून ग्वांगझूला थेट विमान सुरू झालंय, म्हणून उतरणार तिथे. पुढचा प्रवास रेल्वेने.

नाशिकमधल्या दोन टूरवाल्यांना विचारलं. एक म्हणाला, कॉलेज काय बघायचं, शांघाय करा. दुसरा म्हणाला, आता आत कुणालाच सोडत नाहीत. म्हणून इथे विचारतोय.

१. परदेशी पर्यटकाला प्रवेश मिळतो का? बुकिंग नाशिकमधूनच करून ठेवता येतं का?
२. वुहानची चेरी नक्की कधी गाठायची?
३. आईचे गुडघे दुखतात, फार जिने नकोत. शिवाय ती शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही.
४. यादीतलं काय गाळावं?

माहीतगारांनी सविस्तर लिहावं, ही विनंती.

---

पाथर्डी_फाटा

दोन्ही टूरवाले अर्धवट सांगतायत. आत सोडतात, पण नाव नोंदवलेलं असेल तरच. करोनाच्या आधी बरेच कॅम्पस बागेसारखे खुले होते. त्या काळात गेटं बंद झाली आणि पुन्हा उघडली ती नोंदणीची अट घेऊनच. प्रवेशाला पैसे नाहीत, फक्त रोज किती माणसं सोडायची ते ठरलेलं असतं. त्यामुळे तुमची खरी परीक्षा गेटवर आहे. आतलं सगळं सोपं.

आधी तुमचा पहिला प्रश्न. नाशिकमधून बुकिंग होणार नाही, असंच धरून चला. बहुतेक विद्यापीठांची नोंदणी वीचॅट या चिनी ॲपच्या आत चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर असते आणि वीचॅटवर आपल्याकडे जून २०२० पासून बंदी आहे. पण त्याने फारसं अडत नाही, कारण स्लॉट उघडतातच मुळी भेटीच्या काही दिवस आधी. तिथे उतरलात की पहिल्या दिवशी खातं उघडा. नवीन खातं उघडताना कधी कधी ॲप म्हणतं, जुन्या वापरकर्त्याकडून क्यूआर कोड स्कॅन करून घ्या. अशा वेळी हॉटेलच्या फ्रंट डेस्कवरच्या माणसाला विनंती करायची. म्हणूनच पहिला मुक्काम जरा बऱ्या हॉटेलात ठेवा, जिथे कुणीतरी इंग्रजी समजणारं असेल.

फॉर्म भरताना भारतीयांची गाडी तीन ठिकाणी अडते.

पहिलं म्हणजे ओळखपत्राचा प्रकार. तिथे आधीपासून चिनी नागरिकाचं १८ अंकी ओळखपत्र निवडलेलं असतं. तुम्ही पासपोर्ट नंबर टाकलात की लाल अक्षरात चूक दाखवतं आणि माणूस वैतागून सोडून देतो. त्या रकान्यावर बोट दाबून यादी उघडायची आणि पासपोर्ट, म्हणजे हूझाओ, निवडायचा. यादीत पासपोर्टच नसेल तर ॲपशी झटापट करू नका. विद्यापीठाच्या चौकशी नंबरवर हॉटेलमधून फोन करवून घ्या आणि परदेशी पाहुण्यांची हाताने नोंद कुठल्या गेटवर होते ते विचारा.

दुसरं म्हणजे नाव. आपल्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या ओळीत बहुतेकांचं स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं, अशी दोन्ही नावं असतात. रेल्वे तिकीट, हॉटेल, कॅम्पस, सगळीकडे ते जसंच्या तसं आणि त्याच क्रमाने टाका. आईचं नाव एकीकडे नवऱ्याच्या नावासकट आणि दुसरीकडे त्याशिवाय असेल, तर गेटवरचा मुलगा दोन्ही कागद शेजारी धरून बघत बसेल. त्याचं तरी काय चुकलं?

तिसरं म्हणजे मोबाइल नंबर. चिनी नंबर ११ अंकी असतो, आपला १० अंकी. काही फॉर्म परदेशी नंबर घेतच नाहीत. तिथलं सिम विमानतळावर किंवा कंपनीच्या दुकानात पासपोर्टवर मिळतं. एक घरात पुरे.

गेटवर मूळ पासपोर्ट लागतो, फोटो किंवा झेरॉक्स चालत नाही. चेहरा किंवा कार्ड ओळखणाऱ्या स्वयंचलित दारातून जायचा प्रयत्न करू नका, बाजूला माणूस बसलेली रांग असते तिथे जा. नोंदणीवर गेटचं नाव असेल तर त्याच गेटने आत जायचं. हे कॅम्पस अवाढव्य आहेत, चुकीच्या गेटवर उतरलात तर अर्धा तास पायपीट आणि स्लॉटची वेळ गेली.

गेटबाहेर "आत सोडतो, इतके युआन द्या" म्हणणारे दलाल भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. कुणाच्या तरी नावावर पाहुणे दाखवून आत नेतात आणि पकडले गेले की पासपोर्ट तुमचा तपासला जातो.

---

गंगापूर_रोडकर

@पाथर्डी_फाटा, फार उपयोगी, धन्यवाद. तिथलं सिम घेतलं तर व्हॉट्सॲप चालेल का? बँकेचा ओटीपी कुठे येणार? आणि पैसे नेमके कसे द्यायचे? तिथे रोख घेतच नाहीत म्हणतात.

---

पाथर्डी_फाटा

चिनी सिमवर आणि हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सॲप, गूगल, जीमेल, यूट्यूब यातलं काही उघडत नाही. आपल्या सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतलं तर उघडतं, कारण त्याचा डेटा फिरून आपल्या कंपनीच्या नेटवर्कमधूनच जातो. म्हणून दोन सिमचा फोन न्या. भारतीय सिम रोमिंगसह, डेटा आणि ओटीपी त्यावर. चिनी सिम फक्त नंबर हवा तिथे.

पैशांसाठी अलीपे हे पेमेंट ॲप. पासपोर्ट टाकून ओळख पटवायची, मग व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडायचं. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये त्या कार्डचे परदेशातले व्यवहार चालू करून ठेवा, नाहीतर पहिलाच चहा अडकेल. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला जादा शुल्क नाही, त्यावर गेलं की ३ टक्के लागतं. रोख कायद्याने घ्यावीच लागते, पण सुट्टे नसतात. पाचशे-हजार युआन दहा-वीसच्या नोटांत जवळ असू द्या.

नकाशासाठी गूगलवर विसंबू नका. चीनच्या नकाशांची मोजणीच वेगळी असल्यामुळे त्यातला निळा ठिपका काहीशे मीटर सरकलेला दिसतो. गेट शोधताना हेच नडतं. अमॅप हे चिनी नकाशा ॲप घ्या, त्यात इंग्रजी आहे.

आणि पॉवर बँक. २८ जून २०२५ पासून चीनमधल्या देशांतर्गत विमानांत '३सी' हा चिनी सुरक्षा प्रमाणपत्राचा शिक्का नसलेली पॉवर बँक नेता येत नाही. आपल्याकडच्या बहुतेकांवर तो नसतो. तुम्ही रेल्वेने फिरताय म्हणून ठीक, पण ऐनवेळी बीजिंगचं विमान पकडलंत तर ती विमानतळावरच राहील.

---

देवळाली_कॅम्प

वुहानबद्दल लिहितो, कारण तुमच्या यादीत तेच सर्वात देखणं आहे आणि तेच सर्वात बेभरवशाचं.

चेरी साधारण मार्चच्या मध्यापासून महिनाअखेरपर्यंत. पण ऐन बहर आठवडाभरही टिकत नाही. हिवाळा लांबला की तारखा पुढे, मार्चच्या सुरुवातीला ऊन तापलं की अलीकडे. एका जोरदार पावसाने सगळ्या पाकळ्या खाली येतात आणि वुहानला मार्चमध्ये पाऊस असतोच. म्हणून वुहानला एक रात्र न ठेवता तीन ठेवा आणि कॅम्पसचा स्लॉट मधल्या कामाच्या दिवसाचा घ्या. शनिवार-रविवारी झाडापेक्षा माणसंच जास्त दिसतात. बहराच्या काळात नोंदणी वेगळी असते, नावानिशी, वेळेच्या स्लॉटसह आणि रोजच्या मर्यादेत. स्लॉट उघडल्या उघडल्या भरतात.

वुहान रेल्वे स्टेशनवरून मेट्रो लाइन ४ ने झोंगनान लू, तिथे बदलून लाइन २ ने दुसरं स्टेशन जिएदाओकोउ. तिथून जुन्या कमानीपर्यंत चालत जाता येतं. कमानीवर समोरून विद्यापीठाचं नाव आहे, मागून सहा अक्षरं: साहित्य, कायदा, विज्ञान, अभियांत्रिकी, शेती, वैद्यक. आत शिरताना समोरचा फोटो सगळेच काढतात, मागे वळून फारसं कुणी बघत नाही.

इथल्या मूळ संस्थेचा धागा १८९३ पर्यंत मागे जातो, पण तुम्हाला दिसतील त्या इमारती १९३० च्या दशकातल्या. जागा निवडली १९२८ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ ली सिगुआंग यांच्या समितीने. आराखडे एफ. एच. केल्स या अमेरिकन वास्तुविशारदाचे. टेकड्या कापून सपाट न करता चढाला धरून बांधकाम केलं, ही सगळी गंमत. जुनं वसतिगृह बघा, १९३१ चं. चार लांबलचक इमारती तीन कमानींनी जोडलेल्या, चेरीच्या रस्त्यालगत उभ्या. खालून पाहिलं तर किल्ल्याची तटबंदी वाटते. त्यांच्यामधून जिने वर चढतात आणि शेवटी तुम्ही बाहेर पडता ते वसतिगृहाच्या गच्चीवर. ती गच्ची म्हणजेच वरच्या १९३५ च्या ग्रंथालयापुढचं अंगण, एकाच पातळीत. सोळा दरवाजांना चिनी मुलं पूर्वी अक्षरओळखीसाठी पाठ करत त्या 'सहस्राक्षरी'तली पहिली सोळा अक्षरं नावं म्हणून दिलेली आहेत: आकाश, पृथ्वी, काळसर, पिवळा... तुमच्या बाबांना हे आवडेल. खोल्यांकडे मात्र जाऊ नका, ते वसतिगृहच आहे.

आईसाठी: जिने खडे आहेत, ते टाळा. चेरीचा रस्ता खालून जातो आणि झाडं तिथूनच उत्तम दिसतात. गच्चीवरून दिसतं ते वरून पसरलेलं फुलांचं छत, ते बाबांनी बघून यावं. तेवढ्या वेळात आईंनी खाली बसावं. जोडे मात्र रबरी तळव्याचे, ओल्या पाकळ्यांवरून घसरायला होतं.

इथली पहिली चेरी १९३९ मध्ये शहर ताब्यात असताना जपानी सैन्याने लावली. १९७२ मध्ये चीन-जपान संबंध पूर्ववत झाल्यावर जपानकडून चीनचे पंतप्रधान चौ एन-लायना भेट आलेल्या झाडांपैकी ५० इथे आली. आज दिसणारी झाडं बहुतांशी नंतरची आहेत. हा विषय तिथे नाजूक आहे. किमोनो घालून फोटो काढणाऱ्यांशी वाद झालेले आहेत, एवढं लक्षात असू द्या.

वेळ उरला तर विज्ञान इमारतीचा गोल घुमट आणि समोरच्या टेकडीवरच्या अभियांत्रिकी इमारतीचं चौकोनी काचेचं छत ही जोडी बघा. जुन्या चिनी समजुतीप्रमाणे आकाश गोल आणि पृथ्वी चौकोनी, म्हणून ते तसं. तिथून लिंगबो गेटने बाहेर पडलात की थेट पूर्व सरोवराचा काठ.

स्लॉट नाहीच मिळाला तर? त्याच सरोवराच्या काठी मोशान टेकडीजवळ चेरीची बाग आहे. तिथे तिकीट काढून जाता येतं, झाडंही भरपूर. इमारती नाहीत एवढंच.

---

मखमलाबाद_नाका

वरच्या सगळ्याला +१. मी चौथ्या प्रश्नाचं उत्तर देतो: शियामेन गाळा. वाईट आहे म्हणून नव्हे. सिंगापूरला रबराच्या धंद्यात पैसा केलेल्या तान काह की यांनी १९२१ मध्ये काढलेलं विद्यापीठ, धड पाश्चात्त्य आणि डोक्यावर उडत्या कोपऱ्यांचं चिनी छप्पर, समोर समुद्र. लेखक लू शुन १९२६-२७ मध्ये तिथे शिकवत होते, त्यांचं स्मारक आहे. हवाई हल्ल्यांपासून आसरा म्हणून खोदलेला एक लांब बोगदा विद्यार्थ्यांनी चित्रांनी भरून टाकलाय. हे सगळं खरं. पण ते दक्षिण-पूर्व किनाऱ्यावर आणि तुमचा रस्ता ग्वांगझू–वुहान–बीजिंग असा सरळ उत्तरेला. वाकडी वाट करून दोन दिवस जातील. ते पुढच्या खेपेला, आणि तेव्हाही जुलै ते सप्टेंबर टाळून, कारण ती तिथली वादळांची वेळ.

त्याऐवजी दोन ठिकाणं घाला, दोन्ही वाटेवरची.

पहिलं ग्वांगझूमध्येच. सुन यत-सेन विद्यापीठाचा दक्षिण कॅम्पस, मेट्रो लाइन ८ वर विद्यापीठाच्याच नावाचं स्टेशन. इथेही नोंदणी लागते, पण वुहानच्या चेरीसारखी झुंबड नाही. ॲप, पासपोर्ट, नंबर या सगळ्याची रंगीत तालीम इथेच करून घ्या. काही अडलंच तर वुहानच्या आधी कळेल. जुन्या लिंगनान विद्यापीठाचा हा परिसर, १९५२ मध्ये सुन यत-सेन विद्यापीठाकडे आला. लाल विटा, हिरवी कौलं, मोठमोठी झाडं, आणि उत्तर गेट थेट नदीवर उघडतं. सगळं सपाट, आईंना त्रास नाही. मार्टिन हॉल १९०६ चा आहे. स्वेझी हॉलमध्ये १९२३ साली चिनी प्रजासत्ताकाचे जनक सुन यत-सेन यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं होतं की मोठं काम करायचं मनात धरा, मोठा हुद्दा नव्हे.

पण बाबांना तिथे न्यायचं ते छन यिनके यांच्या घरापाशी. इतिहासकार, बर्लिन आणि हार्वर्डला संस्कृत शिकलेले. उतारवयात दृष्टी जवळजवळ गेली होती. अंधुक का होईना पायाखालची वाट दिसावी म्हणून विद्यापीठाने त्यांच्या दारासमोरचा रस्ता पांढरा करून दिला. लाल विटांचं दुमजली घर, हिरवळ आणि त्यातून जाणारी ती पांढरी पायवाट अजून आहे.

दुसरं ठिकाण चांगशा. ग्वांगझू दक्षिण स्टेशनपासून हायस्पीडने साधारण अडीच तास, पुढे वुहान दीड तास. हुनान विद्यापीठाला कुंपण नाही आणि मुख्य गेटही नाही, शहराचा रस्ताच त्यातून जातो. त्यामुळे नोंदणीचा प्रश्न मिटला. त्याच्याच पोटात युएलू अकादमी आहे, इ.स. ९७६ मध्ये स्थापन झालेली. तिला स्वतंत्र तिकीट आहे, पासपोर्ट जवळ ठेवा. चांगशा दक्षिण स्टेशनवरून मेट्रो लाइन ४ थेट 'हुनान विद्यापीठ' स्टेशनला नेते, बदलायचीही गरज नाही.

अकादमीच्या व्याख्यान मंडपात ओट्यावर दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडलेल्या दिसतील. ११६७ मध्ये झू शी आणि झांग शी या दोन विद्वानांचा इथे वाद-संवाद झाला, त्याची ती आठवण. ऐकायला इतकी माणसं लोटली की त्यांच्या घोड्यांनी तळ्याचं पाणी पिऊन संपवलं, असं लिहून ठेवलंय. आपल्याकडच्या कीर्तनाच्या गर्दीची वर्णनं अशीच असतात. एक खुर्ची गुरूची असा आपला अंदाज, पण दोघांची मतं जुळत नव्हती आणि तरीही खुर्च्या सारख्याच.

बाबांसाठी मला विचाराल तर पेकिंगपेक्षा हे आधी. सामान स्टेशनवर ठेवून पाच-सहा तासांत होतं, पण एक रात्र राहिलात तर युएलू टेकडीच्या पायथ्याशी निवांत फिरता येईल.

रेल्वेची तिकिटं १५ दिवस आधी सुटतात. सरकारी १२३०६ ॲपला इंग्रजी आहे. कागदी तिकीट नसतं, पासपोर्टच तिकीट. गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी फलाटाचं दार बंद होतं ते होतंच, नाशिकरोडसारखं धावत जाऊन डबा पकडता येत नाही. तपासणीसकट पाऊण ते एक तास आधी पोचा.

---

उपवासाची_मिसळ

खाण्याचं माझ्याकडे.

"शाकाहारी" म्हटल्यावर तिथे ताटातून मांसाचे तुकडे काढून देतात, एवढाच अर्थ लावला जाऊ शकतो. भाजी डुकराच्या चरबीत परतलेली, सूप हाडांचं आणि वरून कालव्यांचा सॉस. म्हणून नुसतं "शाकाहारी" सांगून भागत नाही. फोनमध्ये चिनी अक्षरांत एक चिठ्ठी तयार ठेवा: मांस, मासे, अंडं, हाडांचं पाणी, प्राण्यांची चरबी, कालव्यांचा सॉस, चिकन पावडर, यातलं काही नको. हॉटेलवाल्याकडून लिहून घ्या, भाषांतर ॲपवर सोडू नका. तोंडी सांगायचं तर "वो छी सू".

खात्रीचा रस्ता म्हणजे बौद्ध मंदिरांजवळची शाकाहारी भोजनालयं. तिथे सहसा कांदा-लसूणही नसतो. जैन मंडळींना तरी विचारून घ्यावं लागेल, कारण बटाटा, गाजर आणि कमळाचं मूळ सर्रास असतं.

विद्यापीठांच्या कॅन्टीनची स्वप्नं बघू नका. बऱ्याच ठिकाणी पैसे फक्त विद्यार्थ्यांच्या कार्डावर घेतात. बाहेर खाऊन आत जा.

वुहानला सकाळी सगळं गाव 'रअ-गान-म्येन' खातं. जाडसर नूडल्स, तिळाची पेस्ट, मुळ्याचं लोणचं. बघायला आपल्यासाठीच केल्यासारखं. पण वरून जो तपकिरी रस ओततात तो बऱ्याचदा मांसाच्या मसालापाण्याचा असतो. तो घालू नका म्हणून सांगायचं, आणि डाव भांड्यात जायच्या आधी सांगायचं. गाडीवाल्याचा हात फार जलद चालतो.

बाकी थेपले, दशम्या, चटणीच्या पुड्या, झटपट उपमा-पोह्यांची पाकिटं न्या. गरम पाणी स्टेशनवर, रेल्वेत, कॅम्पसमध्ये सगळीकडे फुकट मिळतं. झाकणाचा स्टीलचा डबा आणि थर्मास असला की जेवणाची निम्मी काळजी मिटली. टिश्यू पेपर खिशात ठेवा, स्वच्छतागृहांत असेलच असं नाही.

---

कॉलेजरोड_कट्टा

बीजिंगचं थोडक्यात. मार्चच्या मध्यावर झाडं निष्पर्ण असतात, हवा कोरडी, सकाळी तापमान शून्याच्या आसपास. वुहानला नाशिकच्या डिसेंबरचा स्वेटर आणि छत्री पुरेल, बीजिंगला जाकीट लागेल. म्हणून बीजिंग शेवटी ठेवा, जितकं महिनाअखेरीकडे सरकेल तितकं बरं.

पेकिंग आणि त्सिंगहुआ दोन्हींची मागणी देशभरातून असते. शाळकरी मुलांना घेऊन आलेले आई-बाप सगळे स्लॉट उचलतात, उन्हाळी सुट्टीत तर विचारूच नका. मार्च त्या मानाने सुसह्य. त्सिंगहुआ पाहुण्यांना मुख्यतः शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांत घेतं, तेव्हा बीजिंगच्या मुक्कामात एक शनिवार-रविवार येईल असं बघा. मात्र दोन्ही एका दिवसात कोंबू नका.

एकच करायचं तर पेकिंग. मेट्रो लाइन ४, स्टेशन 'पेकिंग विद्यापीठ पूर्व गेट'. संस्था १८९८ ची, पण हा परिसर मूळचा येनचिंग विद्यापीठाचा, अमेरिकन वास्तुविशारद हेन्री मर्फी यांनी आखलेला. पेकिंग विद्यापीठ इथे आलं १९५२ मध्ये. वेइमिंग तळ्याच्या काठचा तेरा मजली पॅगोडा जुना समजून लोक नमस्कार करतात, ती १९२४ ची पाण्याची टाकी आहे! बीजिंगच्याच तोंगझोउ भागातल्या जुन्या पॅगोड्याच्या धर्तीवर बांधली. ३७ मीटर उंच. तळ्याभोवतीची वाट सपाट आहे, मधूनमधून बाकं आहेत.

तळ्याच्या उत्तरेला लांगरुन बागेकडे जा. वाल्मीकिरामायण संस्कृतातून चिनीत आणणारे जी शियानलिन तिथे राहत. २००८ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिलं. दारापुढच्या तळ्यात त्यांनी टाकलेल्या बियांपासून कमळं पसरली. मार्चमध्ये कमळं दिसणार नाहीत, पण बाबा प्राध्यापक आहेत, त्यांना तेवढं पुरेल.

स्लॉट नसेल तर पुढच्याच मेट्रो स्टेशनवर युआनमिंगयुआन, १८६० मध्ये ब्रिटिश-फ्रेंच फौजांनी जाळलेला राजोद्यान. तिकीट काढून जाता येतं. त्सिंगहुआचं कला संग्रहालयही आहे, २०१६ मध्ये उघडलेलं, स्वतंत्र तिकिटाचं.

ड्रोन नेऊ नका, बीजिंगमध्ये अजिबात नाही. वर्ग, प्रयोगशाळा, ग्रंथालयांत पाहुण्यांना प्रवेश नसतो, सगळं बाहेरून बघायचं.

---

गंगापूर_रोडकर

मंडळी, अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त मिळालं. शियामेन गाळलं, चांगशा घातलं. शेवटचा प्रश्न: परतीचं विमान हाँगकाँगहून स्वस्त पडतंय. बीजिंगहून ग्वांगझूला येऊन मध्ये एक दिवस हाँगकाँग बघायचं, परत ग्वांगझूला येऊन सामान घ्यायचं आणि मग निघायचं, असं चालेल का? आणि माझा भाचा चीनमध्येच एमबीबीएसला आहे, त्याच्याकडे एक रात्र राहता येईल का?

---

पाथर्डी_फाटा

हाँगकाँगला गेलात की चीनमधून बाहेर पडल्याचा शिक्का बसतो. तुमचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर तो तिथेच संपला, परत ग्वांगझूला येता येणार नाही आणि सामान तिकडेच राहील. एकतर अर्ज करतानाच दोन प्रवेशांचा व्हिसा मागा आणि कार्यक्रमपत्रिकेत तो दिवस तारखेनिशी दाखवा, नाहीतर सामान सोबत घेऊनच हाँगकाँगला जा. शिवाय हाँगकाँगमध्ये शिरायला भारतीय पासपोर्टधारकाला आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. तिघांची वेगवेगळी करा आणि कागद छापून घ्या. विमानतळाच्या आतूनच विमान बदलणार असाल तर ती लागत नाही. चीनमध्ये व्हिसाशिवाय काही दिवस थांबायची जी सवलत ऐकू येते, तिच्या २४० तासांच्या यादीत भारत नाही. त्या भरवशावर काही आखू नका.

भाच्याकडे राहायचं म्हणाल तर विद्यार्थी वसतिगृहात पाहुण्यांना रात्री ठेवत नाहीत. तो भाड्याच्या घरात असेल तर चालेल, पण २४ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात तिघांचे पासपोर्ट आणि त्याचा भाडेकरार घेऊन नोंद करावी लागते. हॉटेलात ही नोंद तेच करतात. एका रात्रीसाठी एवढा व्याप करण्यापेक्षा हॉटेलात राहा. भाच्याला दुसरं काम द्या: बऱ्याच विद्यापीठांत विद्यार्थ्याला त्याच्या खात्यावरून घरच्यांची प्रवेशनोंदणी करता येते. तो वुहान विद्यापीठातच असेल तर त्याला आजच विचारा, चेरीच्या दिवसांत ही सोय बंद ठेवतात का.